भिंतीवर काय लावायचं हे कोण ठरवतं?



आधी घरातली गोष्ट सांगतो, मग हार्लेमची. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका कलासंस्थेची दोन पोरं आमच्या नगरात आली. संस्था नफा कमावणारी नाही, ट्रस्ट आहे, देणग्यांवर चालते, माणसं बोलायला गोड. त्यांना वस्तीतले जुने फोटो पाहिजे होते. घरोघर फिरले, चहा प्याले, पत्र्याच्या पेट्या उघडायला लावल्या. आमच्या घरातून आईचा एक फोटो नेला. नामांतराच्या मोर्चातला. पांढरं लुगडं, हातात निळा झेंडा, तोंड उघडं, म्हणजे घोषणा चालू आहे. त्या सत्याग्रहात तिनं तुरुंग बघितलाय.

प्रदर्शनाला आम्ही आईला घेऊन गेलो. फोटो मोठा करून लावलेला, वरून पिवळा दिवा सोडलेला. खाली पट्टी : ‘दलित स्त्री, मराठवाडा’. बस्स. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘फोटू माझा, अन् नाव कुठंय?’’ मी संस्थेच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव घातलं की व्यक्ती दिसते, आम्हाला समूह दाखवायचा होता. शेजारच्या भिंतीवर फोटोग्राफरचं नाव होतं, देणगीदारांची नावं होती, आणि प्रदर्शन ज्यांनी रचलं त्या बाईंचं नाव सगळ्यात वर, ठळक.

आईचं नाव मी इथंही छापत नाही. तिचंच म्हणणं आहे, ‘‘आधी तिथं लिवा म्हणावं, मंग तुमच्या कागदावर.’’

त्या दिवसापासून मी एका धंद्याच्या मागं लागलो. त्या बाई जे करत होत्या तो धंदा. इंग्रजीत त्याला क्युरेटर म्हणतात. सरकारी मराठीत ‘अभिरक्षक’ असा शब्द आहे, पण अभिरक्षक म्हटलं की डोळ्यांपुढं चाव्यांचा जुडगा घेतलेला माणूस येतो, आणि तो अर्थ काही अगदीच चुकीचा नाही. सरळ सांगायचं तर क्युरेटर म्हणजे निवडणारा. कुणाचं चित्र भिंतीवर जाईल, कुणाचं गोदामात राहील, कशाच्या शेजारी काय लागेल, खाली पट्टीवर काय लिहिलं जाईल, हे ठरवणारा. मासिकाचा संपादक साहित्यात जे करतो ते हा भिंतीवर करतो. प्रस्थापित मासिकांच्या संपादकांनी आपल्या माणसांचं लेखन ‘साभार परत’ का पाठवलं आणि म्हणून आपल्याला स्वतःची मासिकं का काढावी लागली, हे तुम्हाला सांगायला नको. भिंतीची लढाई मात्र आपण अजून धड लढलेलो नाही. ती जिथं लढली गेली तिथला इतिहास सांगतो.

हार्लेम आपल्याला परकं नाही. बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला उतरले, कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ हार्लेमच्या कडेला आहे, 116 व्या रस्त्यावर. ज्या 125 व्या रस्त्याबद्दल पुढं बोलणार आहे तो तिथून चालत जाण्याइतका जवळ. 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांकडं काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली, त्यांचं उत्तरही आलं. आणि 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा पँथर हे नाव तिथल्याच काळ्या पँथरवरून घेतलं. नाव घेतलं, घोषणा घेतल्या. त्याच वेळी तिथले काळे चित्रकार म्युझियमच्या दारात फलक घेऊन उभे होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडं फारशी पोचली नाही.

1969 चा जानेवारी. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम म्हणजे अमेरिकेतल्या श्रीमंत संस्कृतीचं गाभारं. त्यांनी जाहीर केलं की आम्ही हार्लेमवर प्रदर्शन भरवतोय, ‘हार्लेम ऑन माय माइंड’, 1900 ते 1968 या काळातल्या काळ्या अमेरिकेच्या सांस्कृतिक राजधानीचं. म्युझियमचे डायरेक्टर थॉमस होव्हिंग. प्रदर्शन रचणारे ॲलन शोनर. दोघेही गोरे. शोनर यांनी 1966 साली ज्यू म्युझियममध्ये लोअर ईस्ट साइडच्या ज्यू वस्तीवर असंच प्रदर्शन भरवलं होतं, ते गाजलं होतं. तीच तऱ्हा आता हार्लेमला लावली. मोठे केलेले फोटो, पडद्यावरच्या प्रतिमा, कर्ण्यांतून आवाज, रस्त्याचा गोंगाट. दालनामागून दालनं हार्लेमच्या चेहऱ्यांनी भरली.

आणि काळ्या चित्रकाराचं एक चित्र नाही. एक शिल्प नाही. ज्या हार्लेमनं या शतकात चित्रकारांच्या दोन-तीन पिढ्या दिल्या त्या हार्लेमवरच्या प्रदर्शनात, कलेच्या म्युझियममध्ये, कला नाही! काळा माणूस बघायची वस्तू म्हणून आत आला, बघणारा आणि घडवणारा म्हणून दाराबाहेर राहिला. (आईच्या फोटोखालची पट्टी आठवा.)

हार्लेमच्या लोकांना विचारलंच नव्हतं असंही नाही. सल्लागार नेमले होते, बैठका घेतल्या होत्या. पण सल्ला घेणं वेगळं आणि निर्णय देणं वेगळं. हार्लेम कल्चरल कौन्सिलनं 1968 मध्येच पाठिंबा काढून घेतला. बेनी अँड्र्यूज, क्लिफ जोसेफ, हेन्री गेंट यांनी मिळून ‘ब्लॅक इमर्जन्सी कल्चरल कोएलिशन’ उभी केली आणि प्रदर्शन उघडण्याच्या आधीच ऐन थंडीत पायऱ्यांपुढं फेऱ्या मारायला सुरुवात केली. गळ्यात फलक. एका फलकावरचा प्रश्न असा की हे हार्लेम नक्की कुणाच्या मनातलं? फोटोग्राफर रॉय डीकॅराव्हासुद्धा त्या फेऱ्यांत होते. म्हणजे प्रदर्शन फोटोंचं, आणि हार्लेमचा एवढा मोठा फोटोग्राफर बाहेर रस्त्यावर.

त्या प्रदर्शनाच्या पुस्तकाची गोष्ट तर आपण पाठ करून ठेवावी अशी. प्रस्तावना म्हणून हार्लेममधल्या एका शाळकरी मुलीचा निबंध छापला. तिनं काही वाक्यं समाजशास्त्राच्या एका पुस्तकातून घेतली होती, अवतरणात. शोनर यांनी तिला सांगितलं की अवतरणं काढ, तुझ्या शब्दांत येऊ दे. छापून आलं तेव्हा त्या वाक्यांवर ज्यूद्वेषाचा आरोप झाला. शहर पेटलं, पुस्तक मागं घ्यावं लागलं. आणि दोष आला कुणावर? त्या पोरीवर. निवडणारा नामानिराळा. साहेबाच्या चुकीची शिक्षा शिपायाला होते, हे आपण हापिसात रोज बघतो.

त्या प्रदर्शनातले सगळ्यात देखणे फोटो जेम्स व्हॅनडरझी यांचे होते. म्हातारा माणूस, जन्म 1886 चा. हार्लेममध्ये त्यांचा स्टुडिओ होता. लग्नं, मयती, शाळा, क्लब, मार्कस गार्वीची मिरवणूक, सगळं त्यांनी टिपलेलं. त्यांच्या फोटोतली काळी माणसं बघा : कोटाची बटणं लावलेली, बाईच्या गळ्यात फर, खुर्चीत ताठ. बिचारी नाहीत. स्वतः पैसे मोजून, स्वतःला पाहिजे तसा फोटो काढून घेतलेली माणसं. म्युझियमसाठी फोटो शोधणाऱ्या रेजिनाल्ड मॅगी या काळ्या तरुणाला त्यांचा तो खजिना सापडला. जगभर नाव झालं. आणि त्याच 1969 साली व्हॅनडरझी म्हातारा-म्हातारीला राहत्या घरातून बाहेर काढलं गेलं. भिंतीवर फोटो, आणि सामान रस्त्यावर.

इथं थांबून बोंब मारणं सोपं आहे. पण मला पुढचं सांगायचंय, कारण बोंब मारणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच.

मेट्रोपॉलिटनच्या आधी, 1968 च्या सप्टेंबरात, 125 व्या रस्त्याजवळ फिफ्थ अव्हेन्यूवर, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दालनात ‘स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम’ सुरू झालं होतं. ही ना-नफा संस्था. उभी करणाऱ्यांत हार्लेमचे कार्यकर्ते आणि कलावंत होते तसे मॉडर्न आर्ट म्युझियमच्या तरुण मंडळातले पैसेवाले गोरेही होते. हे लपवण्यात अर्थ नाही. पैसा कुठून येतो हे या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

दोनच महिन्यांत या बाळाची पहिली झुंज झाली. व्हिटनी म्युझियमनं 1930 च्या दशकातल्या अमेरिकन चित्रशिल्पांचं मोठं प्रदर्शन लावलं, आणि त्यात एकही काळा कलावंत नव्हता. फेथ रिंगगोल्ड आणि इतरांनी व्हिटनीपुढं निदर्शनं केली. पण नुसती निदर्शनं करून ते थांबले नाहीत. हेन्री गेंट यांनी स्टुडिओ म्युझियममध्ये त्याच नोव्हेंबरात उलट प्रदर्शन भरवलं : ‘इनव्हिजिबल अमेरिकन्स’, न दिसणारे अमेरिकन, तिसाव्या दशकातले काळे कलावंत. व्हिटनीनं ज्यांना गाळलं त्यांना एकत्र आणून लावलं. या बाजूला त्यांची भिंत, त्या बाजूला आपली भिंत. आता बघणाऱ्यांनी दोन्ही बघावं आणि ठरवावं. माझ्या मते निवडणाऱ्याच्या कामाचा याहून चांगला नमुना नाही. निषेधाचं पत्रक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. लावलेली भिंत लोकांच्या डोळ्यांत राहते.

पण गंमत अशी की याच म्युझियमचं अगदी पहिलं प्रदर्शन वस्तीतल्या बऱ्याच जणांना रुचलं नव्हतं. ते होतं टॉम लॉइड यांचं. लॉइड विजेच्या रंगीत दिव्यांची शिल्पं करायचे. षटकोनी आकार, दिवे ठराविक लयीत पेटतात आणि विझतात. माणूस नाही, साखळदंड नाही, वर केलेली मूठ नाही. लोक म्हणाले, यात काळं काय आहे? आमच्या वस्तीत म्युझियम काढलंत आणि आमचं दुःख कुठंय? हा प्रश्न खोटा नव्हता. शहरं जळत होती, त्याच एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. पण लॉइड काही हस्तिदंती मनोऱ्यातला माणूस नव्हता. क्वीन्समधल्या जमैका वस्तीत त्यानं 1971 साली ‘स्टोअर फ्रंट म्युझियम’ काढलं आणि पोराबाळांसाठी चालवलं. दिवे पेटवणारा आणि वस्तीत राबणारा माणूस एकच होता. ज्यांना दोन्ही एका माणसात मावत नाही असं वाटतं त्यांनी हे नीट बघावं.

पहिले डायरेक्टर चार्ल्स इनिस. 1969 पासून एडवर्ड स्प्रिग्ज. स्प्रिग्ज हे कवी, काळ्या कला चळवळीतले. त्यांच्या काळात 1970 साली आफ्रिकोब्रा या शिकागोच्या गटाचं प्रदर्शन लागलं : झगझगीत रंग, चित्रातच अक्षरं, थेट आपल्या माणसांशी बोलणारी कला. आणि 1969 मध्ये याच भिंतींवर विल्यम टी. विल्यम्स, मेल एडवर्ड्स, सॅम गिलियम यांचं अमूर्त कामही लागलं, आणि त्यात एक गोरा कलावंतही होता. म्हणजे भांडण मिटवलं नाही, दोन्ही बाजू भिंतीवर आणल्या.

त्या विल्यम्सनंच एक गोष्ट सुचवली होती, ती मला सगळ्यात मोठी वाटते. तो म्हणाला, नुसती भिंत नको, कलावंताला काम करायला खोली द्या. म्हणून नावात ‘स्टुडिओ’. दर वर्षी थोडे कलावंत निवडायचे, त्यांना जागा द्यायची, पैसे द्यायचे. डेव्हिड हॅमन्स 1980 च्या सुमाराला तिथं राबले, केरी जेम्स मार्शल 1985 च्या सुमाराला. आज यांच्या कामासाठी तीच मोठी म्युझियमं रांग लावतात. कुणी म्हणेल हे तर दुरूनच ओळखू येण्यासारखं होतं. ओळखू येत नव्हतं. भाड्याच्या जागेतल्या निवडणाऱ्या माणसांनी ओळखलं.

दरम्यान मोठ्या म्युझियमांनी काय केलं? आपल्याकडं शासन समिती नेमतं तेच. व्हिटनीनं बोलणी केली आणि काळ्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन कबूल केलं. मागणी अशी होती की ते रचायला काळा जाणकार बरोबर घ्या. व्हिटनीनं आपल्याच गोऱ्या क्युरेटरकडं, रॉबर्ट डोटी यांच्याकडं काम दिलं. 1971 च्या एप्रिलात प्रदर्शन उघडलं तेव्हा 75 पैकी 15 कलावंतांनी आपलं काम काढून घेतलं होतं. व्हिटनीच्या भिंतीवरून काम काढायचं! ज्या भिंतीसाठी माणसं आयुष्यभर झुरतात तिथून. आणि त्याच महिन्यात ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘ॲक्ट्स ऑफ आर्ट’ या नायजेल जॅक्सन यांच्या लहानशा गॅलरीत प्रत्युत्तराचं प्रदर्शन लागलं. आपल्यापैकी जे साहित्य संमेलनाच्या निमंत्रणाच्या पत्रासाठी पोस्टमनची वाट बघत बसतात त्यांनी हा पंधराचा आकडा लक्षात ठेवावा. उरलेले 60 गेले, त्यांनाही मी शिव्या देत नाही. ज्याच्या घरात भाडं थकलंय त्याला बहिष्कार शिकवायला मला तोंड नाही.

आता लिंडा गुड ब्रायंट. ही बाई पंचवीस वर्षांची, दोन लेकरांची एकटी आई, स्टुडिओ म्युझियममध्ये शिक्षणाचं काम बघणारी. 1974 साली तिनं ठरवलं की आपली जागा हार्लेममध्ये नाही, तर 57 व्या रस्त्यावर काढायची. 57 वा रस्ता म्हणजे गोऱ्या गॅलरीवाल्यांचा सराफबाजार. नाव ठेवलं ‘जस्ट अबव्ह मिडटाऊन’, सगळे तिला जॅम म्हणत. हे म्हणजे गावकुसाबाहेर नवं देऊळ बांधण्याऐवजी भर पेठेत दुकान थाटण्यासारखं. आजूबाजूच्यांना काय वाटलं असेल ते तुम्हीच ताडा.

1975 मध्ये तिनं हॅमन्सचं प्रदर्शन लावलं. कागदी पिशव्या, तेलाचे डाग, केस, भाजलेल्या मांसाची हाडं. लोकांना हॅमन्सची आधीची छापचित्रं पाहिजे होती, विकत घेण्याजोगी, चौकटीतली. त्यानं आणली हाडकं! हाडकं म्हटल्यावर मला आमचा हाडकी-हाडवळ्याचा इतिहास आठवणार नाही तर काय आठवणार. पण हॅमन्सनं ती हाडकं दया मागायला लावली नव्हती. वस्तीत जे पडलेलं असतं, ज्याला कुणी हात लावत नाही, त्यातून कला होते, असं म्हणून लावली होती. बाईनं ती 57 व्या रस्त्यावर लावू दिली. विकलं जाणार नाही हे तिला दिसत असणार. निवडणारा कणखर असला की कलावंत मोकळा होतो.

आणि याची किंमत? कर्ज. भाडं थकलेलं, नोटिसा, क्रेडिट कार्डावर चाललेली संस्था. 1980 साली जॅम खालच्या भागात हलली, 1986 मध्ये तिनं आपला मुक्काम आवरला. 2022 साली मॉडर्न आर्ट म्युझियमनं जॅमवरच मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात त्या जुन्या थकबाकीच्या बिलांनाही जागा मिळाली. बारा वर्षं ज्या बिलांनी झोप उडवली ती आता काचेआड. हसावं की रडावं कळत नाही. पण त्या बिलांमुळं एक खोटं तरी उघडं पडतं, की संस्था नुसत्या ध्येयावर चालतात.

काळ्यांच्या बाहेरच्या ना-नफा संस्था कशा वागल्या त्याचंही एक उदाहरण सांगतो. ‘आर्टिस्ट्स स्पेस’ ही 1972 साली राज्याच्या कला परिषदेच्या पैशातून निघालेली संस्था. तत्त्व मोठं सुंदर : कलावंतांनीच कलावंतांची निवड करायची, बाजारानं नाही. प्रयोगशील, पुरोगामी, तरुण. 1979 साली तिथं एका गोऱ्या चित्रकाराच्या कोळशाच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, आणि त्याला जे नाव दिलं ते मी इथं छापत नाही. आपल्याकडं जातीचं नाव शिवी म्हणून तोंडावर फेकतात, तसला शब्द. खुलासा असा की कोळशानं चित्रकाराचे हात काळे झाले! लिंडा गुड ब्रायंट, हॉवर्डिना पिंडेल, जॅनेट हेन्री, आणि ल्युसी लिपर्डसारखी गोरी समीक्षकसुद्धा, यांनी जाहीर पत्र काढलं, निदर्शनं केली. समोरून उत्तर आलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं. काही नामवंतांनी निषेध करणाऱ्यांनाच सेन्सॉर ठरवलं. स्वातंत्र्य सगळ्यांनाच प्यारं आहे. प्रश्न एवढाच होता की सार्वजनिक पैशातून चाललेल्या त्या भिंतीवर तो शब्द चढताना संस्थेतल्या एकाच्याही हाताला कंप का सुटला नाही. कारण ज्याच्या हाताला सुटला असता तो त्या खोलीत नव्हता.

ही हॉवर्डिना पिंडेल स्वतः मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये 1967 पासून बारा वर्षं नोकरीला होती, सहयोगी क्युरेटरपर्यंत चढली. आत राहून तिनं काय काय गिळलं असेल ते वेगळंच. बाहेर पडल्यावर तिनं एक रुक्ष काम केलं. न्यूयॉर्कच्या म्युझियमांनी आणि गॅलऱ्यांनी सात वर्षांत कुणाकुणाची प्रदर्शनं भरवली त्याच्या याद्या जमवल्या, मोजदाद केली आणि 1987 साली छापून मोकळी झाली. नुसती मोजदाद. पुष्कळ संस्थांच्या नावापुढं गोऱ्यांचा आकडा शंभर टक्के. ‘आम्ही भेदभाव करत नाही, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो’ म्हणणाऱ्यांची तोंडं अशी बंद होतात. आपल्या शहरातल्या कलासंस्थांच्या विश्वस्तांची आडनावं एकदा कुणीतरी वहीत उतरवून काढा. फार वेळ लागणार नाही, यादी छोटी आहे आणि आडनावं ओळखीची आहेत.

हार्लेममध्ये 1977 साली मेरी श्मिट कॅम्पबेल डायरेक्टर झाल्या. शहर तेव्हा दिवाळं निघण्याच्या बेतात होतं. 1979 मध्ये एका बँकेनं 125 व्या रस्त्यावरची इमारत दान दिली, जे. मॅक्स बाँड या काळ्या वास्तुविशारदानं ती म्युझियमसाठी बदलून दिली, 1982 मध्ये संस्था तिथं गेली. 1987 साली त्यांनी हार्लेम रेनेसाँवर प्रदर्शन केलं. ॲरन डग्लस, पामर हेडन, विल्यम एच. जॉन्सन, मेटा वॉरिक फुलर, आणि व्हॅनडरझींचे फोटो. मेट्रोपॉलिटनच्या हार्लेममध्ये ज्या कलेला जागा नव्हती ती इथं रंगासकट लागली, अठरा वर्षांनी, फोटोंच्या शेजारीच.

आता अवघड भाग. व्हॅनडरझींचं पुढं काय झालं? घर गेल्यावर त्यांच्या फोटोंचा साठा त्यांच्याच नावानं निघालेल्या संस्थेकडं गेला आणि तिथून स्टुडिओ म्युझियमच्या ताब्यात आला. आणि 1981 साली, पंच्याण्णवीच्या उंबरठ्यावर, या म्हाताऱ्याला आपलेच फोटो परत मिळावेत म्हणून कोर्टात जावं लागलं. कुणाविरुद्ध? स्टुडिओ म्युझियमविरुद्ध. आपल्याच. 1983 मध्ये ते वारले, तडजोड त्यानंतर झाली, फोटोंची वाटणी झाली. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस लेख बाजूला ठेवला. वाटलं, हे गाळावं. तरुण पोरं वाचणार, त्यांचा धीर सुटेल, आणि विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल. पण मी गाळलं तर मीही पट्टीवरचं नाव गाळणाराच झालो. चाव्या आपल्या माणसाकडं आल्या म्हणून चाव्यांचा प्रश्न सुटत नाही. फोटो कुणाचे, मालक कोण, कागद कुठंय, मिळकतीत वाटा कुणाचा, हे आपल्या संस्थेलाही विचारावं लागतं, आणि विचारणाऱ्याला फितूर म्हणून चालत नाही.

मधल्या काळात माणसं आत-बाहेर करत राहिली. लॉरी स्टोक्स सिम्स 1972 मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये शिरल्या, तिथल्या पहिल्या काळ्या क्युरेटर झाल्या, आणि 2000 साली हार्लेमला येऊन स्टुडिओ म्युझियम सांभाळलं. त्यांच्याबरोबर आलेल्या थेल्मा गोल्डन आधी व्हिटनीत होत्या. 1994 साली व्हिटनीत त्यांनी काळ्या पुरुषाच्या प्रतिमेवर प्रदर्शन केलं, त्यावर आपलेही चिडले आणि परकेही. 2001 मध्ये हार्लेममध्ये त्यांनी 28 तरुण कलावंत लावले आणि ‘पोस्ट-ब्लॅक’ असा शब्द वापरला : काळेपणाच्या चौकटीनंतरचे, पण काळे. मोठा गदारोळ. आपल्याकडं ‘मला दलित लेखक म्हणू नका, लेखक म्हणा’ असं कुणी म्हटलं की बैठकीत खुर्च्या सरकतात, तसलाच. मला तो शब्द पटत नाही. लढाई संपायच्या आधीच ‘नंतर’ म्हणणं मला घाईचं वाटतं. पण त्या 28 जणांना भिंत मिळाली, हे तर खरं. गोल्डन 2005 पासून तिथल्या डायरेक्टर आहेत.

2021 साली मेट्रोपॉलिटन आणि स्टुडिओ म्युझियम यांनी मिळून व्हॅनडरझींचा सगळा साठा घेतला. सुमारे 20,000 फोटो आणि 30,000 निगेटिव्ह. आणि हार्लेममधली जुनी इमारत पाडून त्याच जागी बांधलेलं नवं म्युझियम 2025 च्या नोव्हेंबरात उघडलं. उघडताना कुणाचं प्रदर्शन लावलं? टॉम लॉइडचं. 1968 मध्ये ज्याच्या दिव्यांना वस्तीनं विचारलं होतं की यात काळं काय. लॉइड ते बघायला नव्हता.

हे सगळं मी आत्ताच का लिहितोय, तेही सांगून टाकतो. दर चौदा एप्रिलला आमचं मंडळ विहाराच्या आवारात चित्रप्रदर्शन लावतं. बांबूची चौकट, त्यावर चादरी, चादरींना टाचण्या. चवदार तळं, काळाराम मंदिर, दीक्षाभूमी. दर वर्षी तेच, आणि ते असलंच पाहिजे. काय लावायचं ते चार-पाच जण ठरवतो, गेली बारा वर्षं त्यात मी आहे. म्हणजे मित्रांनो, आमच्या नगरातला क्युरेटर मीच, पगार नसलेला. यंदा पट्ट्यांवर मोर्चातल्या प्रत्येक बाईचं नाव लिहायचं ठरवलंय, म्हाताऱ्यांकडं बसून नावं विचारतोय. सतरा मिळाली, सहा चेहरे अजून कुणाला ओळखू येत नाहीत.

आणि गल्लीतल्या एका पोरानं एक चित्र आणून दिलंय. पोरगा रात्री गॅरेजात काम करतो. चित्रात बाबासाहेब नाहीत, अशोकचक्र नाही, माणूसच नाही. जुन्या पत्र्यावर ऑइलपेंटचा गडद निळा, त्यावर ग्रीसचे हात पुसल्यासारखे पट्टे. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, ‘‘काका, निळाच हाय. बघा की नीट.’’ मंडळातले दोघं म्हणतात, चौदा एप्रिलला हे लावलं तर लोक हसतील, आणि अमुक गटवाले म्हणतील की यांनी बाबासाहेबांच्या शेजारी गॅरेजचा पत्रा लावला. तिसरा म्हणतो, लावा पण कोपऱ्यात. माझं मत अजून होत नाही. एक दिवस वाटतं लावावं, दुसऱ्या दिवशी वाटतं त्या पोराला उगाच लोकांच्या तोंडी देऊ नये. पत्रा माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलाय. बैठक रविवारी सकाळी दहाला विहारात आहे, वाचणाऱ्यांपैकी ज्याला यायचं त्यानं यावं आणि आपलं मत द्यावं.